इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या नंबरच्या तारा लावाव्यात?

बालाघाटी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी,

गेली बारा-तेरा वर्षे मी साधी, म्हणजे पोकळ पेटीची गिटार वाजवत आलो आहे. आमचा पाच-सहा जणांचा छोटा वाद्यवृंद आहे आणि गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री किंवा एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही भावगीते व जुनी हिंदी गाणी सादर करतो. दिवाळीनंतर पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाकडून मी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. ती फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या घाटाची आहे. तीन पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबक) आहेत आणि ब्रिजला, म्हणजे पेटीवर तारा टेकतात त्या भागाला, सूर हलवण्याची दांडी आहे. तारा गंजलेल्या होत्या म्हणून एका दुकानातून नवा सेट आणला. पाकिटावर १२-५३ असे आकडे होते. "गिटारची तार ती गिटारची तार, कोणतीही चालते," असे दुकानदाराने सांगितले आणि मीही मान डोलावली.

तेव्हापासून चार तक्रारी सुरू आहेत. पहिल्या दोन तारा कानठळ्या बसतील इतक्या वाजतात, तर उरलेल्या चार जणू शेजारच्या खोलीतून ऐकू येतात. ब्रिजची मागची बाजू लाकडापासून वर उचलली गेली आहे आणि तारा मानेपासून इतक्या दूर गेल्या आहेत की दाबताना बोटे सोलून निघतात. तिसऱ्या तारेवर मींड घेणे तर जवळजवळ अशक्य झाले आहे. शिवाय पहिली तार आठवड्यात दोनदा तुटली.

चार मित्रांना विचारले तर चौघांनी ८, ९, १० आणि ११ असे चार वेगळे आकडे सांगितले. कोणता आकडा घ्यावा यापेक्षा तो का घ्यावा, हे कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

कॉइलवाला (परभणी)

मी वादक नाही, माझा मोटार रिवाइंडिंगचा व्यवसाय आहे; गिटार वाजवतो तो माझा मुलगा. त्याने पहिल्यांदा "बाबा, नऊ नंबरची तार बारीक आणि अकरा नंबरची जाड" असे सांगितले तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते, कारण आमच्या धंद्यात नंबर वाढला की तार बारीक होते. गिटारचा आकडा मात्र सरळ इंचाच्या हजाराव्या भागात असतो. नऊ म्हणजे ०.००९ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ०.२३. सेटवरचा पहिला आकडा सर्वांत बारीक तारेचा आणि दुसरा सर्वांत जाड तारेचा. त्यामुळे १२-५३ वाचताच तुमच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा झाला.

तुम्हाला साध्या गिटारच्या तारा मिळाल्या आहेत. त्यांच्या जाड तारांचा गाभा पोलादाचा असतो, पण त्याभोवतीचे वेढे काशाचे असतात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. लोहचुंबकीय धातूची तार त्या चुंबकासमोर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. काशाला चुंबक ओळखतच नाही. तिथे फक्त आतला बारीक गाभा वाजतो, वरचे वेढे नुसते वजन वाढवतात. पहिल्या दोन तारा निखळ पोलादाच्या असल्यामुळे त्या पूर्ण ताकदीने ऐकू येतात. साध्या गिटारच्या सेटमध्ये तिसरी तारही वेढ्यांची असते, म्हणून तुमच्याकडे दोन मोठ्या आणि चार मंद असा हिशेब लागला.

एक सावधगिरी सांगतो. दुकानात चुंबक लावून परीक्षा करू नका, कारण गाभा पोलादी असल्याने काशाची तारही चुंबकाला चिकटते. रंग पाहा. पिवळसर, तांबूस झाक असेल तर ती साध्या गिटारची. रुपेरी असेल आणि तिसरी तार बिनवेढ्यांची असेल तर ती इलेक्ट्रिकची.

मांजराकाठची (लातूर)

कॉइलवाला काकांनी आवाजाचे कोडे सोडवले. मी उचललेल्या ब्रिजचे सांगते. मी घरी गिटारचे वर्ग घेते आणि असे वाद्य वर्षातून एकदा तरी माझ्या दारात येतेच.

तुमच्या घाटाच्या गिटारमध्ये ब्रिज स्क्रूंच्या कडेवर तराजूसारखा टेकलेला असतो. समोरून तारा ओढतात आणि पाठीमागच्या खाचेतल्या स्प्रिंगा उलट बाजूने ओढतात. नेहमीच्या सुरात लावलेल्या ९-४२ च्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ३८ ते ३९ किलो भरतो, १०-४६ चा ४६ ते ४७ किलो, आणि तुम्ही लावलेल्या १२-५३ चा जवळपास ७० किलो. स्प्रिंगांची जोडणी ३८ किलोंसाठी असेल आणि समोर ७० किलो आले, तर ब्रिज उचलला जाणारच. दादा, हे वाचून झाल्याबरोबर तारा सैल करा. मानेवरही तोच ताण पडतो आहे आणि लाकूड एकदा वाकले की ते सरळ करायला वेळ लागतो.

आता आकड्याचा मुख्य विचार. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचे वजन, तिची वाजणारी लांबी आणि तिचा सूर. पहिली तार ९ ची १० केली तर आकडा एकानेच वाढतो, पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताण जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. बोटाला हा फरक पहिल्याच मींडेत कळतो.

लांबीचा भाग लोक विसरतात. नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर मोजून दुप्पट करा. फेंडरच्या बहुतेक गिटारांत ते २५.५ इंच येते, गिब्सनच्या बऱ्याच गिटारांत सुमारे २४.७५ इंच. पाऊण इंचाचा फरक किरकोळ वाटतो, तरी त्याच तारेचा त्याच सुरातला ताण आखूड गिटारवर जवळपास ६ टक्क्यांनी कमी भरतो. फेंडर स्ट्रॅटोकास्टर सहसा ९-४२ लावून विकते आणि गिब्सन १०-४६, यामागचे एक कारण तुम्हाला इथे दिसेल. मित्राच्या गिटारवर दहा नंबर मऊ लागतो म्हणून तो तुमच्या गिटारवरही तसाच लागेल असे धरून चालू नका.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मी ९-४२ पासूनच सुरुवात करायला लावते. बोटांना घट्टे पडेपर्यंत हौस टिकली पाहिजे.

नांदेडी

सर्वांच्या मताचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. बारीक तारांचा आवाज पातळ येतो, हे आम्ही सर्व जण अनुभवाने सांगतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन पहिली तार १३ नंबरची लावत असे आणि त्याच्या आवाजाला जे वजन होते ते नऊ नंबरवर येणे शक्य नाही. दादांच्या बोटांना साध्या गिटारच्या तारांची सवय आहेच, तर त्यांनी थेट ११-४९ लावावा आणि ब्रिज बसवून घ्यावा, असे मला वाटते.

जुना तंबोरा (छत्रपती संभाजीनगर)

नांदेडी, तुझा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून अर्धाच खोडतो.

मी ऑर्केस्ट्रात बरीच वर्षे काढली आहेत. आमच्या आधीच्या पिढीतल्या वादकांना बारीक तारांचा सेट ठाऊक नव्हता. अमेरिकेतसुद्धा १९५० च्या दशकात सर्वसाधारण सेट जाड असायचा आणि त्यातली तिसरी तार वेढ्यांची असायची. मींड हवी असणारे वादक पहिल्या जागी बँजोची बारीक तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवत. हा खटाटोप पाहून तिथले वाद्यांचे दुकानदार अर्नी बॉल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हलका सेट तयार विकायला आणला. म्हणजे बारीक तार ही आळशी वादकांची पळवाट नाही, मींडेच्या गरजेतून ती जन्मली. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबणारा हात तोच होता. त्याने बँजोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे सूरही उतरवला. त्या बारीक, सैल तारांवर जो आवाज उभा राहिला त्याला 'पातळ' म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

वॉनचे नाव घेणारे एक गोष्ट नेहमी गाळतात: तो अर्धा सूर उतरवून वाजवत असे. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून अर्धा सूर उतरवला की तो सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि पूर्ण सूर उतरवला की सुमारे २१ टक्क्यांनी. तेरा नंबर तरीही जाडच, पण कागदावर दिसतो तितका नाही.

आता बालाघाटी, तुम्हाला एक प्रश्न. इथे सर्वांनी गिटारबद्दल विचारले, गायकाबद्दल कोणीच नाही. तुमचा मुख्य गायक कोणत्या पट्टीत गातो?

बालाघाटी

काका, आमचा गायक बहुतेक सर्व गाणी काळी एकमध्ये गातो, काही काळी दोनमध्ये. कीबोर्डवाला बटण दाबून पट्टी बदलतो आणि मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी कॉर्डच्या आकारात वाजवतो. पण याचा तारांशी काय संबंध?

तारा सैल केल्या आहेत. पहिली तार दोन्ही वेळा ब्रिजवर, सॅडलच्या (तार टेकते त्या छोट्या तुकड्याच्या) अगदी तोंडाशी तुटली होती.

कॉइलवाला

तुटण्याचे मी सांगतो, पट्टीचे काकाच सांगतील. तार मधोमध तुटली तर दोष तारेचा, खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड धारदार, आणि दर वेळी सॅडलवर एकाच जागी तुटली तर तिथे बुरी, म्हणजे धातूची धारदार कड, आहे असे समजावे. जुन्या गिटारवर तारेने सॅडलमध्ये बारीक चर पाडलेली असते आणि तिची कड पात्यासारखी होते. हजार नंबरचा पॉलिश पेपर जुन्या जाड तारेभोवती गुंडाळून त्या चरीतून हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा आणि नखाला कड लागेनाशी झाली की थांबा. जास्त घासलेत तर तार खाली बसून खरखरेल.

जुना तंबोरा

नेहमीच्या सुरातल्या गिटारच्या सहा मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागतात आणि या सर्व पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. आता सहाही तारा अर्धा सूर खाली आणा. सहावी होते काळी दोन, पाचवी काळी चार, चौथी काळी एक, तिसरी काळी तीन, दुसरी काळी पाच आणि पहिली पुन्हा काळी दोन. पेटीवरच्या पाचही काळ्या पट्ट्या तुमच्या मोकळ्या तारांवर येऊन बसतात! आपल्याकडचे निम्मे गायक काळी एक, काळी दोन किंवा काळी चारमध्ये गातात; मला हे ध्यानात यायला चक्क दहा वर्षे लागली आणि तोवर मी कॅपो घासत राहिलो.

म्हणजे तुमच्या गायकाची काळी एक आता डीच्या मोकळ्या आकारात वाजेल आणि काळी दोन ईच्या आकारात. खर्जाच्या तारा मोकळ्या मिळतील. कॅपोच्या दाबाने मींडेनंतर तारा बेसूर होतात, तीही कटकट जाईल. एखादी गायिका पांढरी पाचमध्ये गाणारी असेल तर त्या गाण्यापुरता कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, गिटार पुन्हा नेहमीच्या सुरात येते.

आता नंबर. ९-४२ अर्धा सूर उतरवला तर ताण ३४-३५ किलोंवर येतो. तारा लिबलिबीत होतात आणि जोराने छेडले की खर्ज डगमगतो. १०-४६ उतरवला तर साधारण ४१-४२ किलो. ९-४२ साठी जुळवलेल्या स्प्रिंगांना हे जेमतेम तीन किलो जास्त आहेत. बोटांना जवळपास नऊ नंबरचाच मऊपणा आणि वर थोडा भरदारपणा. तुमच्या वाद्यवृंदासाठी मी डोळे झाकून १०-४६ सांगेन. अकरा नंबर मला तुमच्या मींडेसाठी जड वाटतो.

वाचनमात्र (धाराशिव)

एरवी मी नुसता वाचतो, पण पावसाळ्यातल्या गंजाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की तार तीन-चार महिने चकचकीत राहते. तीच तार गणपतीच्या मांडवात घामेजल्या हातांनी दहा दिवस वाजवली की काळी पडते. त्या दिवसांत वेष्टण असलेल्या तारा घ्याव्यात का? त्यांची किंमत जवळपास दुप्पट असते.

शिवाय एक कडू अनुभव. नावाजलेल्या नावाचे पाकीट अर्ध्या किमतीत दिसले म्हणून मागवले. अक्षरांची छपाई किंचित पुसट होती आणि तारा पहिल्या आठवड्यातच गंजल्या. विक्रेत्याने उत्तर दिले नाही.

मांजराकाठची

वेष्टणाच्या तारांवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे घाम आणि मळ वेढ्यांच्या फटींत शिरत नाही. तुम्ही वर्षातून मोजके कार्यक्रम करत असाल आणि मधले महिने गिटार खोक्यात राहत असेल, तर पैसे वसूल होतात. पण कोणाच्या तारा गंजण्याआधीच तुटत असतील, तर महाग तार तुटल्याचे दुःख फक्त दुप्पट होईल. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसणे, हा निम्मा उपाय फुकट आहे.

धातूचा प्रश्न येणारच म्हणून तोही उरकते. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी वेढ्यांची तार सर्वसाधारण कामासाठी पुरते आणि तीच सर्वत्र मिळते. निखळ निकेलचा आवाज थोडा मऊ, जुन्या वळणाचा. स्टेनलेस स्टील टणटणीत वाजते, गंजत नाही म्हटले तरी चालेल, पण फ्रेट लवकर झिजवते. चपट्या पट्टीच्या वेढ्यांची तार जॅझवाले वापरतात. बोट सरकल्याचा चिरका आवाज तिच्यात येत नाही. भावगीतांच्या साथीसाठी ती मला मनापासून आवडते, मात्र आपल्या भागातल्या दुकानांत ती मी कधी पाहिलेली नाही.

उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी एक सूचना. थंड खोलीतून गिटार थेट रात्रीच्या तापलेल्या मांडवात नेली की धातू प्रसरण पावतो, ताण घटतो आणि सूर उतरतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी गिटार खोक्याबाहेर काढून ठेवा आणि मगच ट्यूनर लावा.

कॉइलवाला

मांडवाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जनरेटरचे अर्थिंग धड नसेल तर तारेवर हात आणि माईकवर ओठ अशा स्थितीत झटका बसतो. माईकला तोंड लावण्याआधी टेस्टर लावून पाहावे. हसण्यावारी नेऊ नका.

नांदेडी

काळ्या पट्ट्यांचे गणित मी आज रात्री वहीत मांडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. अकराचा हट्ट सोडतो. तरी ज्यांना फक्त सहावी तार पूर्ण सूर खाली आणून जड रॉक वाजवायचे आहे, त्यांनी ९-४६ किंवा १०-५२ असे मिश्र सेट पाहावेत. वरच्या तारा मऊ राहतात आणि खालच्या ढिल्या पडत नाहीत.

मांजराकाठची

बालाघाटी दादा, नवा सेट लावताना सहाही तारा एकदम काढू नका, एकेक बदला. नाहीतर स्प्रिंगा ब्रिजला खाली खेचून बसतील. सहाही सुरात आल्यावर ब्रिज अजून उचललेला वाटला तर पाठीमागच्या खाचेतले दोन स्क्रू पाव-पाव वळसा आवळा आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावा. हे चार-पाच वेळा करावे लागते, कंटाळू नका. मान तपासायला सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधल्या फ्रेटवर पाव मिलिमीटरची फट दिसली तर ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) हात लावू नका.

शेवटी प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर तपासा. दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल नटपासून दूर न्या, उतरता असेल तर जवळ आणा. बिनवेढ्यांची तिसरी तार या बाबतीत सर्वांत हट्टी असते.

बालाघाटी

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. सॅडलला खरोखरच बुरी होती. पॉलिश पेपरने ती गेली आणि त्यानंतर एकही तार तुटलेली नाही. निकेल मुलाम्याचा १०-४६ लावला, अर्धा सूर उतरवला, स्क्रू सव्वा वळसा आवळावे लागले. सहाही तारा आता सारख्या ऐकू येतात आणि ब्रिज लाकडाला समांतर बसला आहे. परवा सरावाला गायकाने काळी एक धरली आणि मी कॅपोशिवाय डीचा आकार वाजवला, तेव्हा कीबोर्डवाल्याने मान वर करून दोनदा माझ्या हाताकडे पाहिले.

तिसरी तार मींडेनंतर अजून किंचित उतरते. नटच्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यावर निम्मा फरक पडला. खाच आधीच्या बारीक तारेसाठी कापलेली असावी आणि सतरा नंबरची तार तिच्यात अडकते असा माझा अंदाज आहे. पुढच्या रविवारी लातूरला येणार आहे, ताईंना वेळ असेल तर गिटार घेऊनच येतो.

मांजराकाठची

सकाळी अकरानंतर या. खाच रुंद करायची कानस माझ्याकडे आहे, आणि पहिल्या तारेचे दोन सुटे नग येताना घेऊन या.